वाराची सुट्टी आणि हंगामाचा मजूर

देशावरच्या शेतीत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. सोमवार महादेवाचा आणि बैल म्हणजे महादेवाचा नंदी, म्हणून त्या दिवशी औत बंद. अमावास्येलाही हाच नेम होता. गवंडी, सुतार अशा कारागिरांतही अमावास्या पाळली जाई, आणि बांधकामावरचे मजूर ती अजूनही सुट्टी म्हणून घेतात. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हे नेम अंगवळणी पडलेले होते. एका बाजूला शिखर शिंगणापूरचा महादेव, दुसऱ्या बाजूला जेजुरीचा खंडोबा. त्यामुळे सोमवार आणि रविवार या दोन्ही वारांना इथे आपापले मालक होते.

या नेमाला देवाचे नाव असले तरी त्याचा हिशेब व्यवहाराचा होता. बैल वर्षभर टिकायला हवा, आणि बैलाने गुडघे टेकले तर ऐन पेरणीत दुसरा मिळत नाही. सोमवारी माणूस मात्र रिकामा बसत नसे. बांध घालणे, दावी वळणे, बाजारहाट, वैरण आणणे ही कामे त्याच दिवसासाठी राखलेली असत. ज्याच्या दावणीला स्वतःचे बैल, तो आपल्या अखत्यारीत वार पाळी. सालगड्याचे तसे नव्हते. त्याचे वर्ष धन्याला विकलेले असे. सोमवारी औत नसले तरी शेणघाण, वैरणपाणी आणि धन्याच्या घरचे काम त्याला चुकत नसे. कामाच्या बदल्यात पैसा किंवा धान्य घेणाऱ्याचा वार दुसऱ्याच्या हातात जातो. पुढच्या दीडशे वर्षांत याच गोष्टीवरून भांडणे झाली, अर्ज गेले आणि कायदे आले.

आठवड्यातला एक ठराविक दिवस धर्माज्ञा म्हणून काम बंद ठेवण्याची महाराष्ट्रातली एक जुनी रीत बेने इस्रायल या ज्यू समाजाची. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि तिथून समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कुलाबा जिल्ह्यात हे लोक गावोगाव पसरले आणि घाण्यावर तेल गाळू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. गावगाड्याने त्यांच्या या शनिवाराला आडकाठी केल्याचे दिसत नाही. जिथे प्रत्येक जातीचा काही ना काही वार, तिथी किंवा विटाळ असायचा, तिथे तेल्याचा एक वेगळा वार सहज सामावला. गिऱ्हाईक शुक्रवारी तेल नेई किंवा रविवारी.

अडचण पगारातून आली. अठराव्या शतकापासून बेने इस्रायल मुंबईला येऊ लागले आणि कंपनीच्या फौजेत भरती झाले. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकिएल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर हे फौजेतलेच अधिकारी. कवायत आणि कूच शनिवार पाहून थांबत नाही. पुढे रेल्वे, टपाल, दवाखाने, सरकारी कचेऱ्या अशा नोकऱ्या आल्या, तिथेही सुट्टी रविवारची. घाण्यावर जो शनिवार आपोआप पाळला जाई, तो आता सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेत, शुक्रवारी सांज होताना लावलेल्या दिव्यात आणि आदल्या दिवशीच रांधून ठेवलेल्या जेवणात उरला. काहींनी उरलेल्या वेळात तो निष्ठेने जपला, काहींचा सुटला. पुण्यात रास्ता पेठेत बेने इस्रायलांचे सुक्कथ शेलोमो सिनेगॉग १९२१ साली उभे राहिले. तेव्हा त्यांच्यातले पुष्कळ जण पगारदार नोकरीत होते. १९४८ नंतर या समाजातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तिथल्या १९५१ च्या कायद्याने ज्यूंसाठी शनिवार हाच साप्ताहिक विश्रांतीचा दिवस ठरला होता. कोकणात घाणा सोडताना हातचा गेलेला वार त्यांना तिथे कामगार कायद्यातून परत मिळाला.

मुंबईच्या गिरण्यांत तर कोणाचाच वार धड नव्हता. १८८० च्या आसपास गिरणीचा दिवस सूर्याबरोबर सुरू होऊन सूर्याबरोबर संपे. सणावारी काही सुट्ट्या मिळत, पण आठवड्याची सुट्टी नसे. रविवारी यंत्रे बंद ठेवली तरी ती पुसायला कामगारांनाच बोलावत, आणि निम्मा दिवस त्यातच जाई. यंत्राला विश्रांती आणि माणसाला झाडलोट, असा तो रविवार.

याविरुद्ध उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचे घराणे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, जन्म १८४८ चा. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका गिरणीत भांडारपाल झाले, म्हणून गिरणीचा कारभार त्यांनी आतून पाहिलेला होता. ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी १८८० पासून मुंबईतून चालवले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची मधली सुट्टी, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई अशा मागण्या होत्या. रविवारची मागणी पहिली होती.

रविवारच का, या प्रश्नाचे एक उत्तर सरळ आहे. सरकारी कचेऱ्या आणि साहेबलोक त्या दिवशी बंद असत, तेव्हा मालकांना तोच वार देणे सोपे. दुसरे उत्तर मराठी मुलखातले आहे. रविवार खंडोबाचा. घाटावरून, म्हणजे पुणे, सातारा, नगरकडून गिरणीत आलेल्या मजुरांच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक असायचाच. लोखंड्यांच्या मागणीच्या बाजूने खंडोबाच्या वाराचा हा दाखला आजही दिला जातो. अर्जाला बळ देवाने दिले की सह्यांनी, हा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. सह्या नसत्या तर मालकांनी खंडोबाला कधीच विचारले नसते. या लढ्यात सुट्टी एकाच कारणासाठी मागितलेली नव्हती, हेही ध्यानात घ्यायला हवे. ज्याला जेजुरीला जायचे त्याने जावे, ज्याला सभेला यायचे त्याने सभेला यावे. सत्यशोधक माणसाने मागितलेला वार धार्मिकांच्याही कामी आला.

मालक सहा वर्षे दाद देत नव्हते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. लगेच नेमलेल्या फॅक्टरी कमिशनवर मुंबईतून लोखंड्यांना सहयोगी सभासद म्हणून घेतले. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने फक्त मुलांना महिन्यात चार सुट्ट्या दिल्या होत्या. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी सर्व गिरणी कामगारांना लागू झाली. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले.

मिळालेला वार सगळ्यांना सारखा उपयोगी पडला नाही. गिरणीतल्या बेने इस्रायल कामगाराला रविवारने शनिवार मिळाला नाही, आणि मुसलमान विणकराला शुक्रवार मिळाला नाही. पुढे जिथे धंदाच त्या समाजाच्या हातात होता, तिथे वारही बदलला. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी असते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवार मिळाला तो विजेमुळे. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद ठेवले तर इतर दिवशी वीज पुरत नाही, म्हणून भागाभागाला वेगळा वार वाटून दिला गेला. वाराला मालक लागतो हे खरे, आणि वीज मंडळही मालक होऊ शकते.

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यातले साखर कारखान्याचे भवानीनगर या सगळ्यात उशिरा आले. १८७६-७७ च्या दुष्काळात सुरू झालेले नीरा डाव्या कालव्याचे काम १८८० च्या दशकात पुरे झाले आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात पाटाचे पाणी खेळू लागले. बाजरी-ज्वारीच्या जोडीला ऊस आला, उसाबरोबर गुऱ्हाळे आली. गुऱ्हाळाचे चुलवाण एकदा पेटले की उसाचा फड संपेपर्यंत विझू द्यायचे नाही, त्यामुळे सोमवारच्या नेमाला पहिली खोट तिथेच बसली. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा खासगी कारखाना उभा केला. स्वातंत्र्यानंतर सहकाराचे वारे आले आणि पन्नाशीच्या दशकात सणसरच्या शिवारात श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना झाला. त्याच्याभोवती वसलेली वस्ती म्हणजे भवानीनगर. भोंगा, कॉलनी, शाळा, बाजार असे सगळे इथे कारखान्याच्या आसऱ्याने वाढले.

साखर कारखान्याला वार नाही, हंगाम आहे. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मग गव्हाणीत मोळी टाकून गाळप सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, रात्रंदिवस चालू राहते. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक उतरते, म्हणून ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा यासाठी सारी धडपड असते. अशा ठिकाणी रविवारी सगळेच घरी बसले तर आठवड्याचा उतारा बसेल. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यातून वाट काढून ठेवली होती. आठवड्याची सुट्टी रविवारी, पण ती आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदलता येई, सलग दहा दिवसांपेक्षा जास्त राबवता येत नसे, आणि सूट घेऊन हुकवलेली सुट्टी त्या महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत भरून द्यावी लागे. प्रत्यक्षात तीन पाळ्यांच्या तक्त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे वेगवेगळा वार लिहिलेला असतो. मिलवरच्याची सुट्टी मंगळवारी, पॅनवरच्याची शुक्रवारी. ज्याचा उपास सोमवारी तो फोरमनला सांगून सोमवार मागतो. बदली मिळाली तर पाळतो, नाही तर डबा न नेता पाळीवर जातो.

कारखान्याच्या कामगारांची एक सोय मात्र कॅलेंडरनेच करून ठेवली आहे. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसरला मुक्कामाला येते आणि बेलवाडीचे रिंगण करून पुढे जाते, ती आषाढाच्या तोंडाला. तेव्हा गाळप बंद असते. यंत्रे उघडून दुरुस्ती चालू असते, हंगामी कामगार रिटेन्शन भत्त्यावर घरी असतो. त्यामुळे वारीसाठी हंगामात रजा मागायची वेळ येत नाही. कार्तिकी एकादशी मात्र गाळप सुरू होता होता येते आणि ती पुष्कळांची हुकते.

मस्टरवर नाव असलेल्याची ही गोष्ट झाली. कारखान्याला ऊस पुरवणारा मजूर या मस्टरवर नाही. बीड, नगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात आणि कारखान्याच्या आसपास खोप्या घालून राहतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती हंगामभर तोड करून फेडायची. मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये करण्याचा तोडगा निघाला. त्यात आठवड्याच्या सुट्टीचा प्रश्न उद्भवत नाही, कारण टनाला वार नसतो. वार नसल्यामुळे काम न केलेल्या दिवसाला खाडा म्हणतात, आणि खाड्याचा दंड कोयत्यामागे पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त लागतो. आजारपण, पाळी, बाळंतपण, गावाकडची मयत ही सगळी खाड्यातच धरली जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा खाड्याच्या दंडाची ही पद्धत शहरांतल्या वाचकांपर्यंत पोचली.

कारखान्यांचे म्हणणे असे की हे मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत. मुकादम म्हणतो, मी फक्त उचल वाटतो. या दोघांच्या मध्ये रविवार कोणी द्यायचा, हे ठरत नाही. बैलांबाबत मात्र कायदा स्पष्ट आहे. १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडीला जुंपलेल्या जनावराकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त, किंवा विसावा न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि पारा सदतीस अंशांवर असेल तर बारा ते तीन या वेळेत जुंपता येत नाही. टायरगाडी हाकणाऱ्याच्या तासांना असे माप कोणी लावत नाही. पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापायच्या, उजाडण्याआधी फडात जायचे, दुपारी मोळ्या बांधून गाडी भरायची आणि रात्री काट्यावर नंबर लावायचा. केन यार्डात नंबर लागेपर्यंत जे काही तास जातात, त्यात बैल सोडून गाडीखाली डोळा लावता येतो. हंगामातली ठरलेली म्हणावी अशी विश्रांती तेवढीच. जुना सोमवारचा नेम टोळीला ठाऊक असतो, गावाकडे तो पाळलेलाही असतो. इथे तो पाळायचा तर बैल रिकामा राहतो आणि कोयताही.

कारखाना सफाईसाठी किंवा मोडतोडीमुळे बंद पडला की तोडही थांबते. त्या दिवशी खोपीसमोर कपडे धुतले जातात, पोरांच्या डोक्याला तेल लागते, कोणी बाजाराला जाते, कोणी देवाला. असा बंद दिवस मुकादम खाडा म्हणून धरत नाही, पण तोड नसल्याने त्या दिवसाची मजुरी बुडते. धरलेले खाडे पट्टा पडल्यावरच्या हिशेबात उचलीच्या रकमेवर चढतात, आणि फिटली नाही ती बाकी पुढच्या हंगामाच्या उचलीत वळती होते.