वॉर्फरिन आणि शुश्रूषेची शिस्त

1920 च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत गुरे एका नव्या रोगाने दगावू लागली. शिंगे काढण्यासारख्या किरकोळ शस्त्रक्रियेनंतरही त्यांचा रक्तस्राव थांबत नसे, तर कधी बाहेर जखम नसतानाही आतल्या आत रक्त साचून जनावर मरे. पशुवैद्यक फ्रँक स्कोफील्ड यांनी या रोगाचे मूळ बुरशी लागलेल्या ‘स्वीट क्लोव्हर’ चाऱ्यात असल्याचे दाखवले, आणि पुढे ली रॉडरिक यांना अशा गुरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठण्यास लागणारे यकृतात तयार होणारे प्रथिन, कमी पडत असल्याचे आढळले.

फेब्रुवारी 1933 मध्ये विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली गाय, न गोठलेले रक्त आणि कुजका चारा घेऊन हिमवादळातून मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला, तेव्हा कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत या विषाचा शोध सुरू झाला आणि 1939 मध्ये तेथे त्याचे, म्हणजे डायकूमरॉलचे, स्फटिक वेगळे करण्यात आले. त्याच कुळातील वॉर्फरिन 1948 मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. परंतु 1951 मध्ये आत्महत्येसाठी ते खाल्लेला अमेरिकी सैन्यातील एक तरुण ‘के’ जीवनसत्त्व दिल्याने वाचला, त्यामुळे या द्रव्यावर उतारा आहे याची खात्री पटली, 1954 मध्ये ते रक्ताच्या गुठळ्या रोखणारे औषध म्हणून माणसांसाठी मान्य झाले आणि पुढल्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही देण्यात आले.

विष आणि औषध यांत येथे द्रव्याचा भेद नाही, भेद मोजमापाचा आहे, आणि म्हणूनच वॉर्फरिनचा इतिहास हा त्याच्या परीक्षणाचाही इतिहास ठरतो. आर्मंड क्विक यांनी 1935 मध्ये मांडलेल्या चाचणीने रक्त गोठण्यास लागणारा वेळ मोजता आला, तरी प्रत्येक प्रयोगशाळेचे निष्कर्ष वेगळे येत. 1983 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारलेल्या आयएनआर या प्रमाणित गुणोत्तराने ही अडचण दूर केली. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसात ते सुमारे 1 असते, तर बहुतेक रुग्णांत 2 ते 3 च्या दरम्यान राखले जाते. त्याखाली गुठळीचा आणि त्यावर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ही अरुंद मर्यादा रोजच्या रोज सांभाळण्याचा मोठा भार परिचारिकेवर असतो. गोळी देण्यापूर्वी ताजा आयएनआर पाहणे, हिरड्यांतून किंवा नाकातून येणारे रक्त, लालसर लघवी, डांबरासारखे काळे शौच, अंगावरचे काळेनिळे डाग आणि अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी यांची दखल घेऊन डॉक्टरांना तत्काळ कळवणे, स्नायूत इंजेक्शन टाळणे, वेदनाशामके व प्रतिजैविके यांचा परिणाम लक्षात घेणे, ही तिची कर्तव्ये होत. वॉर्फरिन ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणत असल्याने पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्या वर्ज्य करण्यापेक्षा त्यांचे प्रमाण कायम ठेवावे, हेही रुग्णाला तीच समजावते.

2008 पासून आलेल्या डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्सॅबान यांसारख्या गुठळी रोखणाऱ्या नव्या औषधांना नियमित आयएनआर तपासणी लागत नाही. मात्र त्यांचा प्रभाव लवकर ओसरत असल्याने एखादी मात्रा चुकणेही धोक्याचे ठरते आणि रक्तस्रावाची भीती तर कायमच राहते. तपासण्या कमी झाल्या म्हणून लक्ष ठेवण्याची गरज कमी झालेली नाही. ज्या औषधाच्या गुणातच त्याचा धोका असतो, त्याची सुरक्षितता ते देणाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून असते.