बातमीची जागा, वदंतेची जागा

नैयायिक म्हणतात, आप्ताचं वचन तेच शब्दप्रमाण. आता हा आप्त पानावर ओळखायचा कसा?

१८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं. त्यात इंग्रजी आणि मराठीचे स्तंभ शेजारी शेजारी. कोणासाठी काय, ते पाहताच कळे.

आपल्याकडे १९४२ नंतर मात्र बातमी पानापेक्षा तोंडीच जास्त फिरली. वाळवा, तासगाव हे आजच्या सांगलीचे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात. नाना पाटलांचं 'प्रति सरकार' लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' झालं. फितुराच्या तळपायाला पत्री ठोकतात म्हणे! जून १९४३ मध्ये शेणोलीला पगाराची गाडी लुटली ही घटना, आणि पत्री ठोकल्याच्या ऐकीव गोष्टी, दोन्ही एकाच पारावर. पण सांगणारा कोण, हे गावाला ठाऊक असे.

आज बातमीच्या संकेतस्थळावर मथळ्याखाली तारीख, गाव, वार्ताहराचं नाव असतं. गॉसिपच्या साइटवर भला मोठा फोटो, अर्धवट मथळा, पुढे तीन टिंबं. लिहिणारा बेपत्ता! इथवर ठीक होतं. पण आता बातमी संपते तिथेच, त्याच आकाराच्या चौकटीत, नटीचा घटस्फोट येतो. मोबाइलवर तर स्तंभच उरले नाहीत, सगळं एकाखाली एक.

आम्ही जन्मभर प्रमाणशास्त्र शिकवलं. तरी अशाच एका चौकटीतून एका गायकाच्या निधनाची खबर उचलून आम्ही नातेवाइकांना धाडली. संध्याकाळी बुवा टीव्हीवर गात होते, तेही थेट प्रक्षेपणात.