वारा पाहून पारध

मागच्या शनिवारी भल्या पहाटे पुण्याहून निघून आम्ही सुप्याला गेलो होतो. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य, १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं. पश्चिमेचा पावसाळी वारा जोरात होता आणि आम्ही शिरलोही पश्चिमेकडूनच. चढ संपायच्या आत पलीकडच्या चिंकारांना आमचा पत्ता लागलेला! एकजण शिंकल्यासारखा आवाज करून पळाला, बाकीचे त्याच्या मागे. मित्राच्या डिओडरंटने आमच्या आधीच हजेरी लावली होती.

(चिंकारा म्हणजे खरं तर हरीण नव्हे, कुरंग; त्याची शिंगं गळत नाहीत. पण आपल्याला सगळी हरणंच.)

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात... बंदुका नव्हत्या तेव्हा अशा उघड्या माळावर लोक हरणाजवळ पोचायचे तरी कसे?

शाकुंतलात दुष्यंत रथातून धनुष्य ताणून हरणामागे सुटतो. राजाला ते परवडतं. पायी माणसाला मात्र नेम धरायला वीस-तीस पावलांवर जावं लागतं, आणि तिथवर पोचायचं की नाही हे वारा ठरवतो. रवंथ करत बसलेली हरणं बऱ्याचदा वाऱ्याकडे पाठ करून बसतात. मागून येणारा वास नाक पकडतं, समोर डोळे आहेतच. म्हणजे पुढून जावं तर दिसतो, मागून जावं तर वास जातो. उरते बाजू. त्यातही ऊन चढलं की तापलेली हवा वर उठते, झुळूक कुठूनही फिरते आणि तासाभराची मेहनत वाया. संध्याकाळी जमीन निवली की गार हवा उतारावरून खाली सरकते, तेव्हा उताराच्या वर बसलेला शिकारी खालच्या जनावराला आपणहून सावध करतो.

फासेपारध्यांनी हे कोडं वेगळ्या तऱ्हेने सोडवलं. जमिनीलगत दोरीला ओळीने फासे लावायचे आणि कळप त्या बाजूला हाकायचा. कधी सवयीच्या बैलाआड लपत जवळ सरकायचं. माझा तर्क असा, की हाकणारे वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहिले तर त्यांचा वासच कळपाला फाशांकडे ढकलणार. धनुर्धारी वाऱ्यापासून लपतो, हे लोक त्यालाच कामाला लावत असणार. फुकटातला हाकाऱ्या, बरं का!

पण अशा शिकारीला भटकावं लागतं. आज वारा इकडचा, उद्या तिकडचा. आणि नेमकं भटकणंच गुन्हा ठरलं. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आणि १९११ची त्याची सुधारित आवृत्ती, म्हणजे हजेरी, बोटांचे ठसे, गाव सोडायला पास. पास घेऊन वाऱ्यामागे कसं जाणार? १९५२ साली हा कायदा रद्द झाला, शिक्का मात्र पुसला नाही. दरम्यान नीरा डाव्या कालव्याचं पाणी येऊन बारामती-इंदापुरातल्या माळांवर ऊस उभा राहिला होता. १९७२च्या वन्यजीव कायद्याने उरलीसुरली पारधही बंद केली. ती करायलाच हवी होती. नाहीतर सुप्याला आणि इंदापुरात कडबनवाडीच्या माळावर आज चिंकारा दिसला नसता. पण जनावराला अभयारण्य मिळालं, आणि त्याची चाल ओळखणाऱ्याच्या पालावर अजूनही गावात चोरी झाली की पहिली झडती होते.

परत निघताना वारा पडला होता. वाटाड्याने चिमूटभर माती सोडून पाहिली, मान हलवली आणि आम्हाला लांबच्या वाटेने वळवलं. या वेळी चिंकारा ऐंशी पावलांवर होता. चरतच राहिला.