बहुवारिक

परवा शेजारची मुलगी दहावीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, बहुवारिक म्हणजे काय हो?" मी आयुष्यभर इतिहास आणि मराठी शिकवलं. रसायनाशी माझा संबंध चहात साखर विरघळवण्यापुरता. पण शब्द मात्र ओळखीचा होता, कारण तो मी विश्वकोशात पाहिला होता. बहुवारिक म्हणजे पॉलिमर. बालभारतीच्या पुस्तकात 'महारेणू' आणि 'बहुवारिके' असे दोन्ही शब्द आहेत, आणि ज्या छोट्या रेणूंची साखळी जुळून ही वस्तू होते त्या रेणूला 'एकवारिक' म्हटलंय. एकवार म्हणजे एकदा, बहुवार म्हणजे पुष्कळदा. तोच तो तुकडा पुन्हा पुन्हा जोडला की बहुवारिक झालं! मला हा शब्द आवडतो. मूळ ग्रीक शब्दात 'पुष्कळ भाग' एवढाच अर्थ आहे. आमच्या शब्दात ते भाग एकामागून एक येताना दिसतात.

तिला एवढं सांगून पाठवलं. पण डोक्यात चक्र सुरू झालं. हा शब्द, आणि त्यामागचं ज्ञान, मराठीत आणलं कोणी? एकट्या माणसाचं हे काम नव्हे. मग जुनी पुस्तकं काढून बसलो.

गोष्ट सुरू होते ती चक्क आपल्या नागपुरात, हे किती जणांना ठाऊक आहे? डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म १८८४, रायपूरचा. शिक्षण अमरावतीला आणि मुंबईला, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. परत आल्यावर त्यांच्या मनाने घेतलं की मराठीत ज्ञानकोश झालाच पाहिजे. त्यासाठी त्यांनी काय केलं, तर देणग्या मागत फिरण्याऐवजी भागभांडवलाची कंपनी काढली, ज्ञानकोश मंडळ लिमिटेड, आणि ती काढली नागपुरात. ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी! पुढे काम पुण्याला गेलं. १९२८ च्या सुमारास तेवीस खंड पुरे झाले होते. या खटाटोपाचा जमाखर्च त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात मांडलाय. मिळालं तर जरूर वाचा. पहिले पाच प्रस्तावनाखंड आहेत, त्यातला पाचवा 'विज्ञानेतिहास'.

आता गंमत पहा. ज्या वर्षांत केतकरांची मंडळी खंडामागून खंड छापत होती, नेमक्या त्याच वर्षांत तिकडे युरोपात पॉलिमर म्हणजे नक्की काय यावर हमरीतुमरी चालली होती. 'पॉलिमर' हा शब्द बर्झेलिअसने १८३३ मध्येच काढला होता, पण त्याचा अर्थ वेगळा होता. रबर, सेल्युलोज, रेशीम हे पदार्थ हातात होते, आत काय आहे ते मात्र कळत नव्हतं. बहुतेक रसायनशास्त्रज्ञ म्हणत, हे छोट्याछोट्या रेणूंचे नुसते गोळे आहेत, कसल्यातरी आकर्षणाने एकमेकांना चिकटलेले. हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन प्राध्यापकाने १९२० मध्ये लेख लिहून सांगितलं, तसं नाही, ही खरोखरची लांबच लांब साखळी आहे, साध्या रासायनिक बंधांनी जोडलेली. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. एवढाले रेणू असूच शकत नाहीत, हा नाद सोडा, असा सल्ला मोठमोठ्यांनी दिला. त्याने सोडला नाही. १९५३ साली त्याला नोबेल मिळालं, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. (आमच्या वयाच्या मंडळींना धीर यावा म्हणून मुद्दाम वय सांगितलं!)

आणि नागपुरात? नागपुरात १८७७ पासून एम्प्रेस मिल धडधडत होती. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. सकाळच्या भोंग्याबरोबर आत जाणारे हजारो कामगार दिवसभर बहुवारिकच कातत आणि विणत होते. त्यांना तो शब्द ठाऊक नव्हता आणि रसायनशास्त्रज्ञांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. काम मात्र चालू होतं.

म्हणजे केतकरांच्या ज्ञानकोशाला हा विषय आजच्या अर्थाने मिळणं शक्यच नव्हतं. यात त्यांचा काय दोष? छापील कोश म्हणजे एका तारखेला काढलेला फोटो. फोटोतली मुलं मोठी होत नाहीत.

केतकर १९३७ मध्ये गेले. पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते स्वस्थ बसले नाहीत. चिं. ग. कर्व्यांबरोबर त्यांनी १९४८ मध्ये 'शास्त्रीय परिभाषा कोश' काढला. माझ्या मते या साऱ्या कथेतला हा सर्वांत कमी वाखाणला गेलेला माणूस आहे. ज्ञानकोश करताना दर पानावर शब्द अडतो, हे ज्याने बारा वर्षं भोगलं त्यालाच परिभाषेची तहान कळणार.

पुढचा मोठा टप्पा वाईचा. महाराष्ट्र राज्य झालं आणि १९६० च्या नोव्हेंबरात साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत संस्कृत शिकलेला हा पंडित, आणि त्याच्या अध्यक्षतेखाली न्यूक्लिइक अम्लांपासून प्लॅस्टिकपर्यंतच्या नोंदी व्हायच्या होत्या! त्यांनी आधी काय केलं, तर शब्द ठरवले. परिभाषा संग्रहाचा खंड निघाला १९७३ मध्ये, आणि विश्वकोशाचा पहिला खंड त्यानंतर, १९७६ मध्ये. घर बांधण्याआधी विटा भाजून घ्याव्यात तसं.

विश्वकोशाचा कुठलाही विज्ञानाचा खंड उघडा आणि नोंदीच्या शेवटी पहा. पुष्कळ ठिकाणी दोन नावं दिसतील. एका नावापुढे कंसात 'इं.', दुसऱ्यापुढे 'म.' म्हणजे विषयाच्या जाणकाराने नोंद इंग्रजीत लिहिली आणि दुसऱ्याने ती मराठीत आणली. पहिल्याला रसायन येत होतं पण त्यासाठी लागणारी मराठी हाताशी नव्हती, दुसऱ्याला दोन्हीची सांगड घालायची होती. मधे विभागाचे संपादक. मी कित्येकदा नोंद न वाचता नुसती ही नावंच वाचत बसतो. त्या दोन अक्षरांत केवढी पत्रापत्री दडली असेल! एक म्हणत असेल, हा अर्थ नेमका उतरत नाही, आणि दुसरा म्हणत असेल, पण असं मराठीत कोणी बोलत नाही. दोघांचंही बरोबर असणार.

बरं, हा वाद फक्त मराठीचा आहे असं समजू नका. पॉलिमर म्हणजे तो लांबलचक रेणू, की त्या रेणूंचा बनलेला पदार्थ? रसायनशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेने, आयुपॅकने, १९९६ च्या परिभाषेत स्पष्ट केलं की रेणू तो महारेणू आणि पदार्थ तो पॉलिमर. इंग्रजी विकिपीडियावरच्या पॉलिमरविषयक लेखांत आज आयुपॅकच्या व्याख्या चौकटीत घालून दिलेल्या दिसतात. जगातली तज्ज्ञ मंडळी एकेका शब्दासाठी बसतात आणि मग ते कोणालाही फुकट वाचता येतं, हे मला फार आवडलं. आता आपल्या दहावीच्या पुस्तकाकडे परत पहा. महारेणू आणि बहुवारिक, दोन वेगळे शब्द. आपली सोय आधीच झालेली आहे.

मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झाला. विश्वकोशाचा विसावा खंड पुरा व्हायला २०१५ साल उजाडलं. (मधे काही काळ आमच्या नागपूरचे श्रीकांत जिचकर अध्यक्ष होते. २००४ च्या अपघाताने ते नेले, नाहीतर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे.) खंड निघता निघता विज्ञान पुढे पळत होतं. १९७७ मध्ये वीज वाहून नेणारं प्लॅस्टिक सापडलं, त्याला २००० साली नोबेल मिळालं. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. म्हणून मग विश्वकोशाने विषयवार ज्ञानमंडळं केली. त्यांत विद्यापीठांतले आणि संस्थांतले जाणकार नोंदी नव्याने लिहितात आणि त्या संगणकावर वाचायला मिळतात. शेवटी लेखकाचं नाव असतं आणि 'समीक्षक' म्हणून दुसरं. ते 'इं.' आणि 'म.' गेले. आता लिहिणारा मराठीतच लिहितो आणि तपासणाराही मराठीतच तपासतो. पन्नास वर्षांत एवढं झालं, आणि याची बातमी कुठे फारशी आली नाही.

तरी एक गोष्ट खुपते. माझा भाचा आपल्या एलआयटीचा, म्हणजे कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला ठेवलेल्या पैशातून १९४२ मध्ये उभी राहिलेली आणि २०२३ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालेली ती संस्था. आयुष्य पॉलिमरमध्ये गेलं त्याचं. त्याला फोन करून विचारलं, "बहुवारिक ठाऊक आहे का रे?" तो म्हणाला, "मामा, दहावीत होतं. अकरावीला सोडलं ते सोडलंच."

मी म्हटलं, मग विश्वकोशातली नोंद वाचून पहा आणि चुका काढ. तो हसला. पण दोन दिवसांनी त्याचा लांबलचक निरोप आला, मुद्दे क्रमांक घालून, अर्धा मराठीत अर्धा इंग्रजीत. एका ठिकाणी त्याने चक्क 'बहुवारिकन' लिहिलंय. त्याला कळवलंय की विश्वकोशात 'बहुवारिकीकरण' आहे आणि बालभारतीत 'बहुवारिकन', यातलं कोणतं ठेवायचं ते तूच सांग. उत्तराची वाट पाहतोय.