खामच्या काठाने

औरंगाबादच्या कोटाला दरवाजे पुष्कळ. त्यांतले तीन नदीवर उघडतात. बारापुल्ला, महमूद आणि मकाई. प्रत्येकासमोर खाम नदीवरचा जुना दगडी पूल. भडकल दरवाजापासून सकाळी निघावे, पाणचक्कीकडे वळावे आणि पुढे बेगमपुऱ्यापर्यंत रमतगमत जावे. तासाभराची वाट आहे. चढ नाही, दम लागत नाही, म्हातारे माणूसही काठी टेकत येऊ शकते. आम्ही या वाटेने किती वेळा गेलो याचा हिशेब ठेवलेला नाही. मात्र ही वाट इतिहासाची आहे हे आम्हाला फार उशिरा कळले. शाळेत इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या. पिण्याचे पाणी कुठून आले, ते कुणी आणले, हा प्रश्न परीक्षेत कधी आलाच नाही.

भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधला. हा माणूस मूळचा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने खडकी या गावाच्या जागी आपली राजधानी वसवली. त्याच्या गनिमी काव्याबद्दल मराठीत बरेच लिहिले गेले आहे. पण आमच्या मते त्याचे मोठे काम जमिनीच्या खाली आहे. उत्तरेच्या डोंगरांतले झरे भूमिगत नहरींनी त्याने शहरात आणले. ना मोट, ना पंप. सगळा भरवसा जमिनीच्या उतारावर. १६२६ मध्ये तो वारला. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, शहराला फतेहनगर केले, औरंगजेबाने औरंगाबाद केले आणि २०२३ मध्ये शासनाने छत्रपती संभाजीनगर केले. खाम मात्र आजही खामच आहे. तिचे नाव बदलावे असे अजून कुणाच्या मनात आलेले दिसत नाही.

महमूद दरवाजाशी पोचलो की बाजूलाच पाणचक्की. हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पर्यटक येतात, कारंज्यापुढे फोटो काढतात आणि बीबी का मकबरा गाठतात. चक्की कशासाठी होती हे विचारणारे थोडे. ही मुळात नक्शबंदी सूफींची खानकाह. बुखाऱ्याजवळच्या गुजदवान गावचे बाबा शाह मुसाफिर फिरत फिरत इथे आले आणि इथेच राहिले. त्यांचे गुरुबंधू म्हणा, पीर म्हणा, बाबा पलंगपोश हे गाजीउद्दीनखान फिरोजजंगाच्या फौजेबरोबर हिंडत. ज्यांचे नावच मुसाफिर, ते मात्र तकियात ठाण मांडून बसले! तुराणातून आलेले शिपाई, फकीर, विद्यार्थी, वाटसरू असे सगळे त्यांच्या दारात येत. या दोघांची मलफुजात शाह महमूद यांनी फारसीत लिहून ठेवली. सायमन डिग्बी यांचा तिचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये निघाला. मराठीत ती आली तर तो आमच्यावर उपकारच होईल. बादशहांच्या बखरीत न सापडणारा दख्खन, म्हणजे पगार थकलेले सैनिक, आजारी प्रवासी, भाकरीची विवंचना, तो तिथे सापडतो.

इतक्या माणसांना पीठ लागणार. म्हणून चक्की. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येते, उंच दगडी भिंतीवर चढते आणि तिथून हौदात कोसळते. त्या जोरावर खालचे लोखंडी पाते फिरते आणि वरचे जाते दळते. बैल नको, माणूस नको. जमील बेग खानाने पुढे लांबट हौद व कारंजी केली. या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत. भर उन्हाळ्यात त्या दालनात थंडावा असतो आणि खिडकीशी उभे राहिले की खाली खाम दिसते. जवळचा प्रचंड वड पाहताना आम्हाला दरवेळी वाटते, खानकाहच्या लंगरात जेवून याच सावलीत किती जणांनी पाय पसरले असतील!

आता थोडे कडू बोलायला हवे. त्या खिडकीतून दिसणारी खाम अनेक वर्षे गटार होती. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद आणि काही संस्थांनी तिच्या सफाईचे काम हाती घेतले. काठाचे काही भाग मोकळे झाले, झाडे लागली, लोक सकाळी फिरू लागले. चांगले झाले. पण आपल्या मोहल्ल्यांतले सांडपाणी आणि कचरा नदीत जात होता तेव्हा आपण काय करत होतो? वजूच्या पाण्यात उधळपट्टी नको हे आपण मुलांना शिकवतो. आणि प्लास्टिकची पिशवी पुलावरून भिरकावतो. राज्याच्या वक्फ मंडळाचे कार्यालय याच पाणचक्कीच्या आवारात आहे. वक्फ म्हटले की आपल्याला जमीन, भाडे, खटले आठवतात. इथे मात्र वक्फचा मूळ अर्थ डोळ्यांसमोर वाहतो आहे: परक्या माणसाला पाणी आणि पीठ.

पुढे मकाई दरवाजा, पूल ओलांडला की बेगमपुरा आणि मागे मकबऱ्याचे मिनार. परवा एका नातवाला घेऊन गेलो होतो. त्याने मिनारांकडे पाहिलेच नाही. पाणचक्कीच्या भिंतीला कान लावून तो विचारत होता, आजोबा, पाणी आत आहे का अजून?