पेटी उघडायची नाही

आजोबा कुलाबा जिल्ह्यात हवालदार होते. जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं, तरी ते शेवटपर्यंत कुलाबाच म्हणत. रात्री ओटीवर सुपारी कातरत ते गस्तीच्या गोष्टी सांगत. काळोख्या रात्री खाडीत मचवा लागायचा. घड्याळं, परदेशी कापड, सोन्याची बिस्किटं. १९६३ चं सुवर्णनियंत्रण आल्यापासून चोरट्या सोन्याला बरकत आली होती. किनाऱ्यावरची पोरं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून खोकी डोक्यावरून वाहायची.

"ते चोर होते का हो, आजोबा?"

"चोर कसले? माल उतरवणारे."

आतून आजी विचारायची, "आणि पाकीट घेणारे कोण?"

अडकित्ता थांबायचा. मग आजोबा खालच्या आवाजात सांगत की, पाकीट घेणाऱ्यांचा एकच नियम होता : पेटी उघडायची नाही. उघडली की पंचनामा आला, मुद्देमाल आला, वर कळवणं आलं. बंद पेटीत घड्याळंच आहेत असं मानणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

पुढे १९९० मध्ये सुवर्णनियंत्रण कायदा रद्द झाला. सोन्यातली कमाई घटली, पण वाट, मचवे, ट्रक आणि वाटेवर पसरलेले हात जिथल्या तिथे राहिले. त्याच वाटेने जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये दिघी आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ट्रक अडवले होते. चांदीच्या विटा ठेवून घेतल्या आणि ट्रक सोडले, हे पुढे न्यायालयात सिद्ध झालं. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसं मेली.

आजोबांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. वर्तमानपत्र मांडीवर पसरून ते दोन्ही गावांची नावं पुन्हा पुन्हा वाचत होते. मग म्हणाले, "आम्ही पेटी उघडली नाही." हे 'आम्ही' मला अजून ऐकू येतं. ज्या गुन्ह्याला ते आयुष्यभर किरकोळ समजत आले, त्याच्याच पोटात दुसरा गुन्हा बसून आला होता.

त्यानंतर कायद्याचं टोक उलट्या बाजूला गेलं. मुंबईच्या खटल्यात माल आणणारे, वाहणारे, लपवणारे आणि डोळेझाक करणारे अशा सगळ्यांवर दहशतवादविरोधी टाडा कायदा लागला. १२३ जणांवर खटला चालला, १०० दोषी ठरले. कोणाला पेटीत काय आहे ते ठाऊक होतं, हा प्रश्न वर्षानुवर्षं चिवटपणे उभा राहिला आणि तो उभा राहायलाच हवा होता. १९९४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की दहशतवादी गुन्हेगार असतो, पण प्रत्येक गुन्हेगाराला दहशतवादी म्हणता येत नाही. टाडा १९९५ मध्ये संपला. १९९९ मध्ये टोळ्यांसाठी मकोका आला आणि अधीक्षक दर्जाच्या पोलिसापुढचा कबुलीजबाब, टाडात होता तसा, पुन्हा पुरावा ठरू लागला. मुंबईतल्या २००६ च्या लोकल स्फोटांनाही हाच टोळ्यांचा कायदा लावला गेला. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या खटल्यातले बळाने घेतलेले कबुलीजबाब नाकारले, आधी दोषी ठरलेले बाराही जण निर्दोष ठरले आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. मेलेल्यांच्या घरी काय उत्तर पोचलं? मला हे फार सलतं. आधी पेटी न उघडणं आणि मग माणसाचं तोंड बळाने उघडणं, या दोन्हींत तपास कुठेच नाही.

आता भारतीय न्याय संहितेत कलम १११ संघटित गुन्ह्याचं आणि ११३ दहशतवादी कृत्याचं आहे. ११३ लावायचं की यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा, हे ठरवतो किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी.

गेल्या हिवाळ्यात शेखाडीला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला पर्यटक फोटो काढत होते. जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "काका, माल नेमका कुठं उतरायचा?"

त्याने मान वर केली. "तुम्ही पोलिसातले काय?"

"नाही. आजोबा होते."

तो पुन्हा जाळ्याकडे वळला. मी बराच वेळ उभा राहिलो, पण पुढे तो काहीच बोलला नाही.