चालकुडीच्या रानातलं वेत-कासव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोचीन संस्थानाची नजर परंबिकुलमच्या सागवानावर होती. साग भरपूर होता, पण डोंगरातून तो खाली आणायचा कसा? त्यासाठी 1907 पर्यंत चालकुडीपासून थेट रानात घुसणारी सुमारे 80 किलोमीटरची ट्रामवे उभी राहिली. तीव्र उतारांवर लाकडांनी भरलेल्या वाघिणी खाली येत आणि त्यांच्याच वजनाने रिकाम्या वाघिणी वर ओढल्या जात. ही ट्रामवे 1963 पर्यंत चालली आणि तेवढ्या काळात या डोंगरांचं रूप पालटून गेलं.

याच टापूतल्या कवलई इथल्या दाट झाडीत दोन लहानशी कासवं मिळाली. मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे अधीक्षक जॉन रॉबर्टसन हेंडरसन यांनी 1912 मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात त्यांचं वर्णन छापलं. त्यानंतर जवळपास सत्तर वर्षं अभ्यासकांच्या हाती या जातीचं एकही जिवंत कासव आलं नाही.

कासवाची राहणी पाहिली की यात नवल वाटत नाही. पाठ जेमतेम 13 सेंटिमीटरची, तांबूस तपकिरी, वर तीन उभे कंगोरे. नराचं तोंड मात्र लाल-पिवळ्या रंगांनी उठून दिसतं. पण ते दिसायला तो बाहेर तर यायला हवा! हा प्राणी नदी-तळ्यात उतरत नाही. त्याचं बिऱ्हाड सदाहरित रानाच्या जमिनीवर असतं. दिवसाचा बराच वेळ तो पाचोळ्यात, दगडांच्या कपारीत नाहीतर पडलेल्या ओंडक्याखाली दडून राहतो. गळलेली फळं, कोवळी पानं, गोगलगायी, पैसा किडे असं जे मिळेल ते खातो. पाचोळ्यावर पाऊल ठेवणाऱ्या माणसाला हातभर अंतरावरचं कासवही दिसत नाही.

चालकुडीच्या खोऱ्यातल्या कादर आदिवासींना मात्र ते दिसत होतं. मध, डिंक, कंद गोळा करत पिढ्यान्‌पिढ्या याच रानात वावरलेले हे लोक त्याला वेतातलं कासव म्हणून ओळखत आणि मिळालं तर खातही. जाती हरवल्या आणि पुन्हा सापडल्या अशा बातम्या वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हे कासव कादरांना कधीच हरवलेलं नव्हतं.

त्यांच्याकडे जाऊन विचारणारं माणूस 1982 मध्ये आलं. जे. विजया त्या वेळी तेवीस वर्षांची होती. कॉलेजात असतानाच ती मद्रास स्नेक पार्कमध्ये काम करू लागली होती, आणि भारतातली पहिली महिला सरीसृप-अभ्यासक म्हणून तिचं नाव आज घेतलं जातं. एडवर्ड मॉल या अमेरिकन कासवतज्ज्ञाबरोबर देशभरातल्या कासवांची पाहणी करताना तिने बाजारही पालथे घातले. पश्चिम बंगालमधल्या दीघाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची कत्तल होत होती. त्याची तिने काढलेली छायाचित्रं ‘इंडिया टुडे’त आली आणि पंतप्रधान इंदिरा गांधींनी तटरक्षक दलाला कासवांच्या रक्षणासाठी कामाला लावलं.

चालकुडीच्या रानात ती कादरांच्या मदतीने शोधाला लागली आणि कासव मिळालं. ते मिळाल्यावर विजया परत फिरली नाही. रानातल्या एका गुहेत मुक्काम ठोकून ती त्याचा माग काढत राहिली. तेव्हाच्या भारतात रानात एकटीने राहून काम करणारी स्त्री हे दृश्यच दुर्मीळ होतं. तिचं खरं मोठेपण चिकाटीत आहे. कासव काय खातं, कुठे लपतं, किती अंडी घालतं (तिला दिसलेल्या विणीत ती दोनच होती) अशा साध्या प्रश्नांची उत्तरं मिळवायला तासन्‌तास बसून राहावं लागतं, आणि ती तशी बसली.

या कामाचं फळ मुंबईत छापलं गेलं. मॉल, ब्रायन ग्रूमब्रिज आणि विजया यांचा या कासवावरचा सविस्तर लेख 1986 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. पुढच्याच वर्षी, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, विजया गेली. 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी या जातीसाठी नवी प्रजाती मांडली आणि तिला विजयाचं नाव दिलं: विजयाचेलिस. तिच्या वह्यांतल्या नोंदी निखिल व्हिटेकर यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केल्या, त्यावर सहलेखिका म्हणून तिचं नाव आहे.

नंतर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी कासवांच्या पाठीवर रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांचा वावर अभ्यासला. केरळ आणि कर्नाटकातल्या इतर रानांतूनही नोंदी मिळाल्या. तरी जागतिक यादीत ही जात आजही धोक्यात आहे. मांसासाठी होणारी पकड हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण म्हणजे रानाचे तुकडे: सागाची लागवड, मळे, रस्ते, धरणं. पाचोळा आणि गर्द सावली गेली की या कासवाला राहायला जागाच उरत नाही.

चालकुडी नदीवरच अतिरप्पिळ्ळीला 163 मेगावॅटचा वीजप्रकल्प प्रस्तावित होता. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने 2011 मध्ये त्याला परवानगी देऊ नये अशी स्पष्ट शिफारस केली. नदीकाठची वनं आणि कादरांच्या वस्त्या ही त्यामागची प्रमुख कारणं होती. 2014 मध्ये वाळचाल परिसरातल्या नऊ कादर वस्त्यांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले. ज्यांनी विजयाला कासव दाखवलं त्या समाजाला त्या रानाच्या राखणीत कायद्याने आवाज मिळाला.